काठोकाठ भरलेला ग्लास

आमच्या घरात कुणाला अर्धा ग्लास पाणी द्यायचं नाही, हा पप्पांचा नियम होता. पाहुणा असो, गॅसची टाकी आणणारा असो, नाहीतर पत्ता विचारायला दारात थांबलेला अनोळखी माणूस असो. ग्लास काठोकाठ भरायचा आणि खाली न ठेवता हातात द्यायचा. तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये स्वयंपाकघरापासून दारापर्यंत भरलेला ग्लास न सांडता नेणं, हे माझं पहिलं शिक्षण. सांडलं तर आई ओरडायची, कमी भरलं तर पप्पा.

कारण त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या लहानपणी, परभणीकडच्या गावात, आमच्या लोकांना पाणी वरून मिळायचं, ओंजळीत. ओतणारा हात उंच असायचा आणि किती ओतायचं ते तोच हात ठरवायचा. पुढे पप्पा रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून लागले, लग्न करून आईला हैदराबादला घेऊन आले. आई सांगते, घरात पोळपाट नव्हता, परात नव्हती, पण स्टीलचे सहा मोठे ग्लास होते. "मी ह्यांना म्हणाले, भाकरी काय ग्लासात थापू?" असं ती म्हणते.

त्या घरातली मी पहिली पदवीधर. बीएस्सी नर्सिंग. हे मी हळू आवाजात सांगत नाही.

पहिल्या वर्षाला मॅडम रोग शिकवत नसत. आधी माणूस, मग रोग, असं त्यांचं म्हणणं. श्वास म्हणजे काय, झोप म्हणजे काय, वेदना म्हणजे काय, शरीरातल्या पाण्याचा तोल म्हणजे काय. वाटायचं, हे काय शिकायचं, हे तर सगळ्यांनाच ठाऊक असतं. पुस्तक इंग्रजी, मॅडम निम्मं तेलुगूत बोलायच्या, मैत्रिणींशी माझं दखनी उर्दूत चालायचं, पण डोक्यात पक्कं बसायचं ते मराठीतच. म्हणून रोजचा धडा मी घरी येऊन पप्पांना सांगायची. ते तोवर रिटायर झाले होते. क्वार्टर सोडून आम्ही जवळच एका घराच्या खालच्या पोर्शनमध्ये भाड्यानं राहत होतो. पप्पा व्हरांड्यात खुर्ची टाकून माझी वाट बघत बसायचे. मी आले की म्हणायचे, "चला सिस्टर, आज काय?"

वेदनेचा धडा मला आठवतो. मी सांगितलं, पेशंट दुखतंय म्हणाला की दुखतंय. आपण मोजमाप काढत बसायचं नाही.

"आणि पेशंट खोटं बोलत असला तर?"

"तरी ऐकून घ्यायचं."

"म्हणजे पेशंट साहेबापेक्षा मोठा," ते म्हणाले. "चांगली लाइन धरलीस. आम्हाला तर ताप आला तरी मुकादम जीभ दाखव म्हणायचा."

पाण्याच्या तोलाचा धडाही मी असाच सांगत होते. शरीरात जितकं जातं तितकं बाहेर यायला हवं. येत नसेल तर ते पायात उतरतं, छातीत साठतं. ओळखायचं कसं, तर नडगीवर अंगठा दाबून धरायचा आणि सोडायचा. खळगा तसाच राहिला तर पाणी साठलंय. दाखवायला म्हणून मी त्यांची पँट वर सारली, अंगठा दाबला आणि सोडला.

खळगा तसाच राहिला.

"रिटायर झाल्यावर पाय भरलेत जरा," पप्पा म्हणाले. "बसून बसून." मी दुसऱ्या पायावर दाबून पाहिलं. मग आईला हाक मारली.

तपासण्या झाल्या. किडन्या बऱ्याच आधीपासून खराब होत चालल्या होत्या. काही महिन्यांतच डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला, त्यात सगळ्यात वर पाणी होतं. दिवसभराचं सगळं मिळून जेमतेम एक लिटर. सगळं म्हणजे चहा, ताक, वरण, सांबार, बर्फ, आइस्क्रीमसुद्धा. जे वितळतं ते पाणीच.

हे काम माझ्याकडे आलं, कारण शिकलेली मीच. सकाळी एक बाटली भरायची आणि दिवसाचं पाणी त्यातूनच. चहा प्यायले की कपभर पाणी बाटलीतून काढून टाकायचं, वरण घेतलं की वाटीभर. नुसता हिशेब ठेवून भागत नाही. बाटली डोळ्यांसमोर कमी झालेली दिसली तरच पेशंटला आणि घरच्यांना कळतं, असं वॉर्डात शिकवलं होतं. काढलेलं पाणी मी दारातल्या कढीपत्त्याला घालायची. त्या उन्हाळ्यात शेजारणीचा कढीपत्ता वाळून काटक्या झाला. आमचा इतका दाट झाला की गल्लीतल्या बायका फोडणीला न्यायला यायच्या. पप्पा खुर्चीतून बघत राहायचे.

मोठे ग्लास मी वरच्या फळीवर ठेवले आणि त्यांना एक छोटा कप दिला.

"हे काय, बाळाला गुटी पाजतेस?"

"घोट घोट घ्या. तोंडात धरून ठेवा."

"सिस्टर, तुमचा पेशंट म्हणतोय त्याला तहान लागलीय. पेशंटचं ऐकायचं असतं ना? का तो धडा बदलला?"

मी चूळ भरायला लावायची, लिंबाची फोड चोखायला द्यायची, ओला रुमाल ओठांवर ठेवायची. पाणी द्यायची नाही. मला कुणी विचारलं, वाईट वाटतं का, तर वाटतं. पण मी बरोबर होते. आजही तेच करेन. जास्तीचं पाणी छातीत गेलं की माणूस बसल्या जागी बुडाल्यासारखा तडफडतो. अफझलगंजला बस बदलून मी ज्या दवाखान्यात प्रॅक्टिकलला जायची, तिथे ते रोज दिसायचं.

पाहुण्यांना मात्र काठोकाठ ग्लासच जायचा. तो नियम पप्पांनी मोडू दिला नाही. भेटायला आलेला माणूस त्यांच्यासमोर गटागटा पाणी प्यायचा आणि ते त्याच्या गळ्याकडे बघत विचारायचे, "आणखी देऊ?"

दुसऱ्या उन्हाळ्यात गावाहून आत्या आली, पप्पांची थोरली बहीण. नामपल्लीला गाडीतून उतरली ती दोन शहाळी घेऊनच. मी कॉलेजात, आई दळण आणायला गेलेली. आपल्या भावाचे सुकलेले ओठ बघून आत्यानं दोन्ही शहाळी फोडून घेतली आणि त्यांना पाजली. आजारी माणसाला भेटायला जाताना नारळपाणी न्यायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण बंद पडलेल्या किडनीला त्यातला क्षार बाहेर टाकता येत नाही, आणि तो थेट हृदयावर जातो. संध्याकाळी पप्पांच्या पायातलं बळ गेलं, नाडी मंद झाली. रिक्षात घालून नेलं. तातडीनं डायलिसिस केलं म्हणून वाचले.

वॉर्डाच्या बाहेर मी आत्यावर ओरडले. "मारून टाकलं असतंस तू त्यांना!"

आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर पाहिलं. "पाणी पाजल्यानं माणूस मरतो, हे कोणत्या शाळेत शिकवतात गं माय? आमच्या लहानपणी तर पाणी न देणारे वेगळे होते."

बाकावर एक दखनी बोलणाऱ्या खाला त्यांच्या माणसासाठी थांबल्या होत्या. त्यांनी मला हात धरून बसवलं. "नक्को बेटी, बुजुर्गां से ऐसा नै बोलते." मी बसले. आत्याचं वाक्य मात्र डोक्यात तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पप्पांना सगळं कळलं. आत्याला म्हणाले, "आक्का, इथं सिस्टरचं ऐकायचं असतं. माझंसुद्धा चालत नाही." आत्या पदर तोंडाला लावून हसली आणि रडलीही. त्या दिवसापासून पप्पांनी पाणी मागायचं सोडलं. मी कप पुढे केला की घ्यायचे. नाही केला तर नाही. मला ते मागायचे तेच बरं वाटायचं. पण तसं कसं म्हणणार?

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा त्यांचं हृदय थकलं. डायलिसिसच्या खुर्चीवर बसवलं की रक्तदाब खाली जायचा, मशीन थांबवावं लागायचं. एका दुपारी डॉक्टरांनी आई आणि मला बाहेर बोलावलं. तरुण होते, हळू बोलत होते. मशीन आता झेपणार नाही म्हणाले. घरी घेऊन जा. पाण्याचं बंधन ठेवू नका, पथ्य ठेवू नका, जे मागतील ते द्या. ते इंग्रजीत आणि तेलुगूत बोलत होते. आईला तेलुगू बाजारापुरतं येतं, पण 'नीळ्ळु' हा शब्द तिला पक्का ठाऊक होता. पाणी द्या, एवढं तिनं मी काही सांगायच्या आत पकडलं.

"पाणी चालेल म्हणाले ना? ऐकलं मी. आणि मशीनपण बंद?" तिचा चेहरा उजळला होता. "म्हणजे उतार पडला!"

मी हा धडा शिकले होते. शेवटच्या वर्षाच्या पुस्तकात तो शेवटीच होता. बरं करणं जिथे संपतं तिथून पुढे माणसाला सुखात ठेवणं. त्यात लिहिलेलं असतं की घरच्यांना खरं सांगावं, त्यांना झेपेल तसं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "हो, पाणी चालेल."

घरी आल्याआल्या आईनं स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा ग्लास काढला. घासला, पदरानं पुसला. माठातलं पाणी भरलं, काठोकाठ. व्हरांड्यात पप्पांना उशा लावून बसवलं होतं. ती दारातून आली ती लहान मुलीसारखी, डोळे ग्लासाच्या काठावर, पावलं जपून. एक थेंब सांडला नाही.

"घ्या. सोडलं तुमचं पथ्य."

पप्पांनी ग्लासाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी कढीपत्त्यापाशी उभी होते. माझ्या हातात बाटली नव्हती, हे त्यांनी पाहिलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "भरून?"

"हो पप्पा. भरून."

त्यांनी मान हलवली. एखादा धडा समजल्यावर हलवायचे तशी, सावकाश. मग दोन्ही हातांनी ग्लास धरला. आईनं खालून आधार दिला. ते प्यायले. फार नाही, तीन-चार घोट. तेवढ्यानंच दम लागला. डोळे मिटून म्हणाले, "माठाचं पाणी चांगलं लागतंय." आई हसत सुटली. म्हणाली, आता रोज मागा. ते म्हणाले, मागतो.

मी त्यांना काही सांगितलं नाही, त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि आईला दोघांनीही काही कळू दिलं नाही. त्या आठवड्यात त्यांनी खरंच पाणी मागितलं. दर वेळी आईकडेच. माझ्याकडे एकदाही नाही. शेवटी घोट गिळता येईना तेव्हा मी कापसानं ओठ भिजवत होते, आणि आई ग्लास भरून शेजारी धरून बसली होती.

ते गेल्यानंतर लोक येत राहिले. गावाहून आत्या आली, रेल्वेतले सोबती आले. निळ्या कोटातल्या महामानवाच्या फोटोशेजारी पप्पांचा फोटो ठेवला होता. आई स्वयंपाकघरात ताटात ग्लास मांडून पाणी भरत होती आणि मी बाहेर नेऊन देत होते. एका फेरीला ताट उचलायला वाकले तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

"ह्यांना?"

"त्यांनाही. ग्लास बघितला तेव्हाच."

तिनं एक ग्लास काठापर्यंत भरला, मग दुसरा. मला वाटलं, आता ती मला बोलेल. बोलायला हवं होतं.

"म्हणजे खूश मी एकटीच होते," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "बरं झालं. पाणी देताना घरात कुणीतरी एक हसत होतं."

तिनं शेवटचा ग्लास भरून ताट माझ्याकडे सरकवलं. "जा. सांडू नको."

मी सांडलं नाही.