खंडेनवमीचा नारळ

माझ्या हातातला नारळ नानांनी काढून घेतला. हिसकावला नाही. हसत हसत, दोन बोटांनी शेंडी धरून उचलला आणि म्हणाले, "राहू दे, राहू दे. ड्रायव्हरसाहेब फोडतील."

मुलुंड स्टेशनबाहेर आमची बस उभी होती. सकाळचे आठ वाजत आले होते. बसच्या तोंडाला झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढच्या चाकांखाली लिंबं. पंचवीस-तीस माणसं इस्त्रीच्या कपड्यांत गोल करून उभी. मधोमध मी, खाकी युनिफॉर्ममध्ये, रिकामे हात पुढे धरून. ते हात मागे कधी घ्यायचे तेच कळेना.

मी मुलुंड-घाटकोपर बसचा कंडक्टर. नवा. सहा महिने टेम्पररी, मग परमनंट. पाचवा महिना चालू होता. गिरणी बंद पडल्यापासून बाप घरात बसून, दोन बहिणी शाळेत. चूल माझ्या नोकरीवर पेटत होती. एक तक्रार गेली असती तरी आमची वाट लागली असती.

आठच्या बसला रोजचा ग्रुप असायचा. भांडुप, कांजूर, विक्रोळीच्या कारखान्यांतली ऑफिसची माणसं. नाना त्यांचे पुढारी. एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, पण बसमध्ये सगळ्यांचे नाना. दरवर्षी खंडेनवमीला हा ग्रुप बसची पूजा करायचा. नारळ मास्तरने, म्हणजे कंडक्टरने फोडायचा, ही त्यांची पद्धत. पंधरा दिवस आधीच नानांनी मला सांगून ठेवलं होतं, "मास्तर, यंदा नारळ तुझ्या हातचा. झकास इस्त्री करून ये हां!"

आमचं आडनाव वरच्या जातींत आणि आमच्यात, दोन्हीकडे चालणारं. त्यावरून त्यांनी मला 'चांगल्या घरातला' धरला होता. "कोकणातला ना रे तू? आपलाच माणूस," असं म्हणायचे. मी हो म्हणायचो. पुढचं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. यात खोटं काय बोललो, अशी मनाची समजूत घालायचो.

आता खरं सांगतो. दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात देव नाही, पूजा नाही, नारळ नाही. माझ्या जन्माआधीच बापाने घरातले देव गावच्या खाडीत सोडले होते. खंडेनवमीचा दुसरा दिवस दसरा, तोच आमच्या दीक्षेचा दिवस. हे सगळं ठाऊक असूनही मला तो नारळ फोडायचा होता. त्या माणसांनी मला मधोमध बोलावलं, एवढ्यानेच मी हुरळून गेलो होतो. पहाटे युनिफॉर्मला इस्त्री करताना बापाने विचारलं, "आज काय आसा रे?"

"चेकिंग आहे," मी म्हटलं. ते मात्र सरळसरळ खोटं होतं.

पूजेच्या आदल्या दिवशी एक गोष्ट घडली होती. भांडुपला आमच्या वस्तीतला एक काका बसमध्ये चढला. कामावर निघालेला, हातात डबा. मला युनिफॉर्ममध्ये पहिल्यांदाच बघत होता. दारातूनच खणखणीत आवाजात म्हणाला, "जय भीम, मास्तर!"

अख्ख्या बसने ऐकलं. मी मान खाली घालून तिकीट फाडत राहिलो. बिचाऱ्याला वाटलं, मला ऐकू गेलं नाही. तो पुन्हा म्हणाला. तेव्हा मी ओठातल्या ओठात उत्तर दिलं. नानांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि पेपर परत वर धरला. दुसऱ्या दिवशी तरीही मी इस्त्री करून गेलो. वाटलं, विसरले असतील.

नारळ ड्रायव्हर शिंदेमामांनी फोडला. मामा साताऱ्याकडचे, रोज माझ्या डब्यातली चटणी मागून खाणारे. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मग पेढे निघाले. नाना प्रत्येकाच्या तळहातावर पेढा ठेवत आले. माझ्यापाशी आल्यावर त्यांचा हात वीतभर वरच थांबला आणि तिथूनच पेढा सुटला. माझ्या बोटाला लागून खाली डांबरावर पडला.

"अरे अरे," नाना म्हणाले. "उचल, उचल. प्रसाद आहे तो."

मी वाकलो. खरंच वाकलो होतो. हात जमिनीपर्यंत गेला होता. आणि आजी आठवली. गावचा वाणी तिच्या पदरात मीठ असंच वरून टाकायचा. सांडलेलं मीठ ती मातीसकट गोळा करायची. नुसता संताप आला. नानांचा कमी, माझा स्वतःचा जास्त. मी सरळ उभा राहिलो. पेढा तिथेच पडून राहिला.

सगळे बसमध्ये चढले. मामांनी इंजिन सुरू केलं. मी मागच्या दारात, घंटीची दोरी हातात. कंडक्टरने दोन टोले दिल्याशिवाय गाडी हलत नाही. मी दिले नाहीत.

"मास्तर, घंटी दे ना!" कुणीतरी ओरडलं.

मी विचारलं, "नाना, नारळ माझ्या हातातून का काढला?"

नाना खिडकीकडे सरकून बसले.

"तसं काही नाही रे. मनाला लावून घेऊ नकोस."

"मग कसं आहे?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "आयत्या नोकऱ्या मिळाल्या की हे असं होतं." एक बाई घड्याळ बघत म्हणाली, "आमचा लेटमार्क लागेल हो, चला ना!" माझ्या बाजूने एकही माणूस बोलला नाही. मामासुद्धा नाही.

नाना उभे राहिले. आवाज आता ऑफिसातल्या साहेबाचा. "ए, बिल्ला नंबर सांग तुझा."

मी नंबर सांगितला. "नाव पण लिहा," म्हटलं. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं सांगितलं. शेवटी जात सांगितली. "ती पण लिहा. कालपासून तुम्हाला तीच पाहिजे होती." मग दोन टोले दिले. बस सात मिनिटं उशिरा सुटली.

तिसऱ्या दिवशी डेपोत बोलावणं आलं. निघायच्या आधी बापाला सगळं सांगून टाकलं, चेकिंगच्या थापेसकट. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "नारळ फोडूक तू गेलंस कित्याक?" मी बिल्ला लावला आणि निघालो.

डेपोतले साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी कागद पुढे सरकवला. "दोन ओळी माफीच्या लिही. प्रवाशांशी गैरवर्तन झालं, पुन्हा होणार नाही. एक महिना राहिलाय तुझा. नाहीतर घरी बसशील."

मी लिहिलं: बस मी थांबवली. जाणूनबुजून थांबवली. का थांबवली तेही लिहिलं, नारळ, पेढा, कोण काय बोललं, सगळं. माफी मागणार नाही, असं लिहून खाली पूर्ण सही केली.

साहेबांनी वाचलं, कागदाची घडी घातली आणि दुसरा कोरा कागद पुढे केला. "नीट विचार कर. घरी माणसं आहेत तुझ्या."

"आहेत," मी म्हटलं. "पण याच्यावर पण मी हेच लिहीन, साहेब."