कानामागचं बटण

आमच्या घरात डोकं दुखणं ही खासगी गोष्ट नाही.

माझ्या उजव्या कानामागे, केसांखाली, एक छोटा फुगवटा आहे. मी काही महिन्यांची असताना माझ्या डोक्यात पाणी साठायला लागलं, म्हणून डॉक्टरांनी नळी बसवली. ती डोक्यातून निघून कातडीखालून मानेतून, छातीवरून पोटात उतरते आणि जास्तीचं पाणी तिथं सोडते. फुगवटा म्हणजे तिचा व्हॉल्व्ह. घरात त्याला बटण म्हणतात. नळी जन्मभर लागते, पण ती जन्मभर चालेलच असं नसतं. मी दुसरीत असताना ती तुंबली, तेव्हा सगळी बदलली. नववीत व्हॉल्व्ह बिघडला, तेव्हा तेवढाच बदलला.

लहानपणी कुणा डॉक्टरांनी मम्मीला बटण दाबून बघायला शिकवलं होतं. दाबायचं, सोडायचं, परत भरून आलं की नळी चालू. नंतरच्या डॉक्टरांनी यावर विसंबू नका म्हणून सांगितलं. ते मम्मीनं ऐकून घेतलं. मी डोकं दुखतंय म्हटलं की ती पिठाचा हात पुसून कानामागे अंगठा लावते आणि पप्पा तिच्या तोंडाकडे बघतात. "भरतंय," ती म्हणते. मग दुसरं कारण शोधलं जातं. ऊन, मोबाईल, उपाशीपोटी चहा. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

मागच्या वर्षी कॉलेजची परीक्षा संपली आणि डोकं दुखायला लागलं. सकाळी जास्त, आडवं झालं की आणखी. जेवता जेवता झोप यायची. मम्मीनं अंगठा लावला.

"भरतंय."

"तरी दुखतंय."

"मंग झोप जरा."

झोपल्यावरच जास्त दुखतं, असं मी म्हटलं. ते तिला उलट उत्तर वाटलं.

पप्पांनी तरी जालन्यात स्कॅन करून आणला. आधीच्या स्कॅनपेक्षा काही फरक नाही, असं त्यात होतं. त्यांनी आष्टीच्या आत्याला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"नॉर्मल हे तर मंग झोपून कामून राह्यली?" आत्या म्हणाली. "लग्नाचं नाव काढलं की डोकं दुखतं आजकालच्या पोरींचं. आमच्या टायमाला दुखायला डोकं होतं कुणाला!"

पप्पा हसले. मीही हसले असते, पण हसलं की ठणका वाढायचा.

मला वाद घालता येत नाही. शाळेत मी इंग्रजीतून गप्प बसायचे, घरी मराठीतून. पण हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं. नववीतलं असंच होतं. तेव्हा डॉक्टरांनी पप्पांना सांगितलं होतं की आणखी उशीर झाला असता तर नजर गेली असती, कदाचित पोरगीही. मी शुद्धीवर आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

एका सकाळी कॅलेंडरवर एका तारखेच्या दोन दिसायला लागल्या. मी म्हटलं, संभाजीनगरला जाऊ. अमुक ठिकाणी जाऊ असं मी घरात बहुधा पहिल्यांदाच म्हणत होते. पप्पांनी गाडी काढली.

तिथले मेंदूचे डॉक्टर प्रश्न मला विचारायचे आणि उत्तरं मम्मी द्यायची. "बटण भरतंय, सर. रिपोर्ट बी नॉर्मल हे."

डॉक्टरांनी स्कॅन बाजूला ठेवला. "तुला काय वाटतं?"

मी इंग्रजीत बोलले. मराठीत बोलले असते तर मम्मीनं मध्येच दुरुस्त केलं असतं. हे नववीसारखंच आहे, स्कॅन काहीही म्हणो, असं मी सांगितलं. एवढं लांब वाक्य मी पप्पांसमोर कधी बोलले नव्हते.

"काय म्हणली?" मम्मीनं पप्पांना विचारलं.

"नळी म्हणली."

डॉक्टरांनी बराच वेळ माझ्या डोळ्यांच्या आत पाहिलं. तिथं सूज होती. वर्षानुवर्षं नळी असलेल्या काही जणांच्या मेंदूतल्या पोकळ्या फुगतच नाहीत, ते म्हणाले. दाब वाढतो, स्कॅन मात्र तसाच दिसतो. मग त्यांनी अख्ख्या नळीचा एक्स-रे काढायला लावला. मानेत, गळ्याच्या हाडाच्या वर, नळीची रेघ थांबत होती आणि बोटभर खाली परत सुरू होत होती. ती दुसरीतली नळी होती. मी वाढले, ती ताणली गेली, कडक झाली आणि तुटली.

"पण भरतंय की," मम्मी म्हणाली.

"भरतंय, ताई. पुढं जात नाही."

मम्मीनं अंगठा पदरात गुंडाळला आणि तसाच धरून बसली.

ऑपरेशन झालं. डोकं दुखायचं थांबलं, तारखा परत एकेक झाल्या.

या मे महिन्यात बाजारातून आल्यावर डोकं दुखायला लागलं. मी सांगितलं. दोघंही जागच्या जागी थांबले.

"उन्हाचं आहे," मी म्हटलं.

"पक्कं?" पप्पांनी विचारलं. गाडीची चावी त्यांच्या हातात आली होती.

"पक्कं."

त्यांनी मम्मीकडे पाहिलं नाही. चावी खिळ्याला अडकवली आणि कूलरमध्ये पाणी ओतायला गेले.