किल्लीवाल्याच्या घरी शेवटी

लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस काही माणसांना जन्मतःच असते, त्याला इलाज नाही. वेल्डरमामा त्यातलेच. दिवसभर दुकानात फाटकं-खिडक्या जोडायच्या आणि संध्याकाळी संस्थेच्या खोलीत जाऊन मोडक्या चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, लोखंडी खाटा फुकट नीट करायच्या. आजाऱ्याच्या घरी त्या वापरायला द्यायच्या, गरज सरली की परत आणायच्या, एवढंच संस्थेचं काम.

पण त्या कामानं नवल केलं. वरची गल्ली आणि खालची गल्ली म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य. नळावरून, गटारावरून, पोरांच्या चेंडूवरून डोकी फुटलेली. तीच माणसं आता एकमेकांच्या म्हाताऱ्यांच्या खाटा उचलू लागली. मधे एकदाच फिसकटलं. खोलीची किल्ली सांभाळणाऱ्या आधीच्या किल्लीवाल्यानं नवी खाट गुपचूप आपल्या सासूला दिली, आणि दोन्ही गल्ल्या पुन्हा बाह्या सरसावून उभ्या. तेव्हा भर बैठकीत मामा उठले. "ज्याच्याकडे किल्ली, त्याच्या घरी सगळ्यात शेवटी. कबूल?" टाळ्या पडल्या, आणि किल्ली मामांच्याच गळ्यात पडली.

नियम फार छान होता हो. मामी मोरीत घसरून पडेपर्यंत.

खुब्याचं हाड मोडलं. चालणं विसरा, डॉक्टर म्हणाले. मामी पहिल्यापासून तोंडानं फटकळ, चार माणसांत वावरणारी; तिला भिंतीकडे बघत पडून राहणं म्हणजे शिक्षाच. "मला एकदा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्या," ती म्हणायची. "माणसं बघते, दुकानदाराशी थोडं भांडते, परत येते."

जुन्या खुर्च्या सगळ्या लोकांकडे होत्या. नव्या आल्या होत्या, पण मामांनीच जोडून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुलपात ठेवलेल्या. त्यांचं वाटप बड्या पाहुण्यांच्या हस्ते व्हायचं होतं, आणि पाहुण्यांना सवड नव्हती. कार्यक्रम पुढे गेला, पुन्हा पुढे गेला.

"किल्ली तुमच्याच कमरेला ना?" मामीनं विचारलं.

"म्हणून तर घेता येत नाही."

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," मामी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

शेवटी लाज गुंडाळून ठेवून मामा संस्थेच्या सेक्रेटरीबाईंकडे गेले. एका दुपारपुरती द्या, म्हणाले. बाई हळहळल्या, चहा दिला. "पण मामा, नियम तुमचाच. पाहुण्यांच्या आधी प्लास्टिक निघालं आणि तेही तुमच्या घरी, तर लोक काय म्हणतील?" मामांना ते पटलं. पटलं, याचाच मला राग येतो. घरी येऊन त्यांनी मामीला सांगितलं, थोडी कळ काढ.

मामीनं काढली. पडून पडून छातीत कफ साठला आणि ती गेली.

दोन्ही गल्ल्या लोटल्या. खालच्या गल्लीतला दूधवाला, एकेकाळी मामांवर काठी घेऊन धावलेला, लहान मुलासारखा रडला. "अहो, आम्हाला सांगायचंत की. खुर्ची आम्हीच काढून दिली असती, ढकललीही असती."  लोक काय म्हणतील, हे मामांनी लोकांना विचारलंच नव्हतं.

मग पाहुण्यांना सवड झाली. पहिल्या खुर्चीच्या पाठीवर रंगानं लिहिलं होतं, 'मामींच्या स्मरणार्थ'. वरातीमागून घोडं, दुसरं काय. ती खुर्ची मामांनीच ढकलत आणली, फोटो निघाले, दोन्ही गल्ल्यांच्या एकीवर पाहुणे भरभरून बोलले.

मांडव रिकामा झाल्यावर मामांनी कमरेची किल्ली काढून सेक्रेटरीबाईंसमोर टेबलावर ठेवली. "ही घ्या. ज्याच्या घरी कुणी नाही, अशा माणसाला द्या. त्याचं बरं असतं, शेवटी ठेवायला कुणी उरलेलं नसतं."

 मामा जायला वळले आणि तिथंच थबकले. मग आपल्याशीच म्हणाले, "म्हणजे आता मीच की."

त्यांनी किल्ली उचलली, कमरेला अडकवली आणि खोलीला कुलूप लावायला गेले.