तिसरी विहीर

एतेल्का चोर्दाश अंगानं एवढीशी बाई, पण जिभेनं आणि हट्टानं चार पुरुषांना पुरून उरणारी. डॅन्यूब आणि तिसा या नद्यांच्या मधल्या वाळूच्या माळावर तिचं शेतघर होतं. सगळ्यात जवळचा शेजारी दोन किलोमीटरवर राहायचा, आणि तोही गेल्या वर्षी शहरात मुलाकडे राहायला गेला. "गेला कसला, पळाला," असं एतेल्का येईल त्याला सांगायची. चोर्दाशांच्या घराण्यात पळायची रीत नव्हती. पाणी खाली गेलं की विहीर खोल करायची, ही रीत. सासऱ्यानं चार मीटरवर पाणी काढलं होतं. नवऱ्यानं तीच विहीर नऊपर्यंत नेली, आणि तो वारल्यावर एतेल्कानं माणसं लावून चौदापर्यंत. प्रत्येक वेळी जुन्या कड्याच्या आत नवं, लहान कडं. सुंभ जळला तरी पीळ जाईना, अशी ही माणसं. खोटं कशाला बोला, आमच्या माळावर थोडंफार सगळ्यांचं असंच आहे.

वसंतात नव्या रस्त्यासाठी माळ खरवडला, तेव्हा वाळूखालून एक गाव निघालं. सातआठशे वर्षांपूर्वीचं. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. रस्त्याचं काम थांबवून उत्खनन सुरू झालं आणि खणायला इथलीच माणसं घेतली. एतेल्काला घेतलं ते दयेपोटी, पण ठेवून घेतलं ते तिच्या पायांसाठी. ती जमिनीवरून अनवाणी चालत जायची आणि मधेच थांबायची. "इथं भुसभुशीत लागतंय. खणा." खणलं की खड्डा निघायचाच. धान्याचं पेव, नाही तर चुलीचा खळगा. "मावशीच्या तळपायाला डोळे आहेत," असं सोबतचे गडी म्हणायचे. "तुमच्या तरी डोक्याला कुठं आहेत?" मावशी म्हणायची.

त्या उन्हाळ्यात ती खुशीत होती. तिची एकुलती एक मुलगी पिरोश्का बारा वर्षं ऑस्ट्रियात परक्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करत होती. आता नवरा आणि दोन पोरींना घेऊन ती कायमची परत येणार होती. साठवलेलं सगळं घालून शेतात बोअर मारायची, मिरची लावायची, आईजवळ राहायचं. बोअरवाला देमेतेर सोमवारी यायचा होता. एतेल्काला देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतंच. बारा वर्षं तिनं हे एवढंच मागितलं होतं.

त्याआधीच्या बुधवारी ती चरबी लावलेला पाव आणि कांदा घेऊन तंबूत जेवायला बसली. उत्खननाची प्रमुख हेद्विग तिशीतली मुलगी होती. समोरच्या टेबलावर ती धुतलेली हाडं लावत होती.

"मावशी, गंमत बघा. सगळ्यात जुन्या खड्ड्यांत गाईची हाडं आहेत. मधल्या खड्ड्यांत मेंढ्यांची. आणि शेवटच्या खड्ड्यांत नुसत्या शेळ्या."

"मग काय झालं?"

"गवत संपत गेलं असणार. वाळू वर येत गेली."

"शेळीला काय झालंय? दूध देते, काहीही खाते. माझ्याकडे शेळ्याच आहेत."

"पहिल्यापासून?"

"छे! सासऱ्याच्या गाई होत्या की. मग आम्ही दोघांनी मेंढ्या..."

घास तिच्या तोंडातच राहिला. हेद्विगनं वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं, आणि शेळीचा जबडा उगाच इकडून तिकडे सरकवला.

संध्याकाळी एतेल्कानं मुलीला फोन लावला. हाडांचं सांगितलं. त्या जुन्या गावाच्या शेताच्या टोकाला वाळूखाली नांगराचे तास सापडले होते, काल नांगरल्यासारखे, पण पेरणी झाल्याचं चिन्हच नव्हतं, तेही सांगितलं. पिरोश्का खळखळून हसली.

"आई, त्यांच्याकडे मशीन होती का? देमेतेरची मशीन साठ मीटर जाते. तिथं नाही लागलं तर शंभर जाऊ!"

हे बोलणं एतेल्काच्या ओळखीचं होतं. नवरा अगदी असाच बोलायचा. आजवर या बोलण्याचा तिला अभिमान वाटत आला होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला ते ऐकवेना.

शुक्रवारी वाळूखालच्या गावाची विहीर खणत खणत तळाशी आली. विहीर एक नव्हती, एकीच्या आत दुसरी आणि दुसरीच्या आत तिसरी होती. पहिली चांगली ऐसपैस. दुसरी तिच्या निम्मी. दोन्हींच्या तळाशी बारीक गाळ होता आणि फुटक्या घागरींची ढीगभर खापरं होती. तिसरी मात्र चुन्याच्या कठीण थरातून थेट खाली कोरलेली, आणि इतकी अरुंद की एकाही गड्याचे खांदे आत जाईनात. भोवतीची माती कापून घेतली होती, आता शेवटचा दीड मीटर उरला होता.

"मी जाते," एतेल्का म्हणाली.

कमरेला दोर बांधून ती उतरली. दगडात पाय ठेवायला खाचा होत्या. तिचे पाय त्यांत असे बसले की तिला भीती वाटली. ज्या कुणाला इथं खाली धाडलं होतं, ते माणूस तिच्याएवढंच होतं. बाई असेल, नाहीतर एखादी पोर. घरात सगळ्यात बारीक कोण, असं विचारून काढलेलं.

"मावशी, काय लागतंय?" वरून हेद्विग ओरडली.

"वाळू."

"खापरं?"

"एकही नाही."

"गाळ?"

"कसला गाळ! पिठासारखी कोरडी वाळू आहे. आडातच नव्हतं पोरी, पोहऱ्यात कुठून येणार!"

ती डब्यानं वाळू उपसत राहिली. प्रत्येक डब्यागणिक तिला वाटत होतं, आता हाताला हाड लागणार. वाळू ढासळून कुणी इथंच राहिलं असणार. पण तळ आला तरी हाड लागलं नाही. कुदळीचं लोखंडही नाही. शेवटची खाच शोधायला तिनं पाय टेकला, तर नुसती बोटंच आत गेली. खाच अर्धीच कोरलेली होती.

तिनं ती हातानं पुन्हा पुन्हा चाचपली. दगडावर कुदळीचे घाव स्पष्ट होते, आणि एका घावानंतर पुढे काहीच नव्हतं.

"हत्यार नाही आणि हाड नाही," तिला वर ओढून घेतल्यावर हेद्विग म्हणाली, "म्हणजे लोखंड बरोबर घेऊन जिवंत गेले, मावशी. कुणीतरी खणायचं थांबवलं आणि गाव उठलं."

"कुणी थांबवलं असेल?"

"ते काही मातीत सापडत नाही."

शनिवार-रविवार वारा थांबला नाही. खिडक्या लावूनही ताटांवर वाळू बसत होती. एतेल्कानं मुलीला काय सांगायचं ते दहा वेळा मनात जुळवलं, आणि दहाही वेळा पिरोश्काचं उत्तर तिला आधीच ऐकू आलं. खरं सांगितलं की ही पोरगी आणखी खोल जाणार. चोर्दाशांची होती ना.

सोमवारी सकाळी देमेतेरचा ट्रक आला, आणि त्याच्या मागोमाग सामानानं ठासून भरलेली मोटार. नाती उतरल्या त्या थेट शेळ्यांकडे धावल्या. पिरोश्का हात पसरून आईकडे आली.

"मशीन उतरवू नकोस, देमेतेर," एतेल्का म्हणाली.

"का गं आई? जागा बदलायची का?"

"जागा नाही बदलायची. घर माझं आहे. मला इथं कुणी नकोय."

पिरोश्का हसली. मग आईच्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. "कुणी म्हणजे?"

"तुम्ही. पोरींचा गलका मला सोसणार नाही. बारा वर्षं एकटी राहिलेय, आता एकटंच बरं वाटतं. जा परत."

"मावशी, अहो, असं काय करता..." देमेतेर मधे पडला.

"तू गप रे. तुला कुणी विचारलंय?"

पिरोश्कानं एकदाच विचारलं, "आई, खरं सांग. तुला आम्ही नको आहोत?"

"नको आहात."

पिरोश्का मागे वळली. तिनं पोरींना हाका मारल्या. धाकटी शेळीच्या पिल्लाला सोडेना, तिला हाताला धरून ओढत नेऊन गाडीत बसवलं. जावयानं गाडी चालू केली. गाडी वळली आणि धूळ उडवत माळावरून निघाली.

एतेल्काला हाक मारावीशी वाटली. इतकी, की तिनं डोक्याच्या रुमालाचं टोक दातांत धरलं. पण पोरगी आरशातून बघत असेल. गाडी अकेशियाच्या झाडांआड जाईपर्यंत ती तशीच ताठ उभी राहिली, आणि डोळ्यांतून तिनं एक थेंब गळू दिला नाही.