शिवेवरून हरवलेला शिपाई

काश्मीरची लढाई थांबली आणि आमच्या कंपनीला आळीपाळीनं रजा मिळू लागली. मी नाईक होतो, सुकलू माझ्या सेक्शनचा शिपाई. दोघंही एकाच मुलखातले. दरेकसा स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचं ऊन वर आलं होतं. त्याचं गाव उत्तरेला, डोंगरापलीकडे जंगलात. माझी वाट तिकडूनच होती. सुकलू रस्ताभर बडबडत होता. पहाऱ्याच्या पिकेटवर महिनोन्‌महिने गप्प बसलेला माणूस तो, त्या दिवशी तोंडाला कुलूप नव्हतं.

त्या गावची एक रीत होती. लढाईवरून आलेल्यानं थेट घरात शिरायचं नाही. आईनं शिवेवर येऊन पायांवर पाणी टाकायचं, मगच आत. सुकलूनं शिवेवरच्या मोहाच्या झाडाखाली बिस्तरा टेकवला, बूट काढले.

"नायकसाब, मायले बलावून आना. पानी टाकल्याबिगर मी अंदर नाई येत."

"एकेक खूळ तुझं!" मी म्हणालो आणि गेलो. घर हाकेच्या अंतरावर. म्हातारी तांब्या घेऊन माझ्यापुढे धावत निघाली.

मोहाखाली कोणी नव्हतं.

बिस्तरा होता, बूट होते. रक्त नाही, झटापटीची खूण नाही. लढाईत माणसं पडताना पाहिली होती, पण अशी दिवसाढवळ्या नाहीशी होताना नाही. गावकऱ्यांनी ढोल वाजवत जंगल पिंजून काढलं. पोलीस आले नि गेले. माणूस जमिनीनं गिळला की आभाळानं, कळलं नाही.

रजा संपली. पलटणीत मला साहेबांपुढे उभं केलं.

"बॉडी मिळाली?"

"नो सर."

"मग पळाला."

"सर, घराच्या दारातून कोण पळतो?"

"डिसमिस. जा आता."

सुकलू डिझर्टर, म्हणजे पळपुटा, ठरला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय कळणार, गोळीबारात त्यानं जखमींना पाणी कसं पोचवलं ते!

मी हवालदार होऊन निवृत्त होईपर्यंत त्याच्यासाठी भांडत राहिलो. शेवटी एका नव्या साहेबानं ऐकलं. म्हणाले, मुलगा जनावरानं नेला असं आईनं सांगितलं, तर डाग पुसू. पलटणीच्या शहिदांबरोबर नाव घेऊ. मी आनंदानं म्हातारीकडे गेलो. सगळं समजावलं.

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"काऊन मारून राहिला बापू माया लेकाले?"

"माय, त्याच्यावर पळपुट्याचा डाग आहे."

"राहू दे डाग. पळाला असन त कुठी जिता असन."

इतकी वर्षं मी कशासाठी भांडत होतो, तेच कळेना. परत येऊन साहेबांना सांगितलं, "नको सर."

दरवर्षी आम्ही जुने सैनिक जमतो. टोप्या काढून पडलेल्यांची नावं एकेक करून घेतो. म्हातारी आता नाही. तरी सुकलूचं नाव मी त्यांत घेत नाही.