चिकाची वडी

लेक सहा महिन्यांची झाली तेव्हा मी तिला बोटभर दही चाटवलं. पाव तासात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि ती भडाभडा ओकली. पारनेरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन बजावलं: गाय, म्हैस, शेळी, कुणाचंच दूध नको. दही, तूप, बिस्कीटही नको. अंगावर पाजत राहा, त्यानं तिला त्रास नाही, तुम्ही दुधाचं काही खाल्लंत तरी चालेल. वर्षाची झाली की पुन्हा बघू, पण माझ्यासमोर. घरी प्रयोग करायचे नाहीत.

आमच्या दावणीला चार गाई. दुधाशिवाय घर कसं चालवायचं? तेव्हापासून मी सतत धास्तावलेली. चमचा दिसला की हुंगायचे. सगळ्यात जास्त भीती सासूबाईंची. त्या दोनदा म्हणाल्या होत्या, "म्हशीचं तरी चालंल ना?" धार काढून आल्या की कोपरापर्यंत हात धुवायच्या, लुगडं बदलायच्या, मगच नातीला घ्यायच्या. तरी माझा विश्वास नव्हता. मी मुळातच संशयी आणि तोंडाची फटकळ.

त्या दुपारी शेजारची गाय व्याली म्हणून चिकाच्या खरवसाच्या वड्या आल्या. खरवस म्हणजे माझा जीव की प्राण. ओट्याशी उभ्यानंच दोन खाल्ल्या, लेक उठली तशी धावत जाऊन तिला उचललं, मग सासूबाईंकडे देऊन कपडे वाळत घालायला गेले.

परत आले तर तिचा डावा गाल लालभडक आणि फुगलेला.

"काय चारलं तिला? खरवस दिलात ना? पोर मारायचीय का तुम्हाला?"

"न्हाई गं बाई, मी हातबी न्हाई लावला त्याला."

"खोटं बोलू नका!"

नवऱ्यानं गाडी काढली. पारनेर येईपर्यंत मी तिच्या छातीवर कान ठेवून बसले. घरघर येतेय का? श्वास चालू आहे ना? माझ्याच काळजाचे ठोके इतके मोठे होते की तिचं काही ऐकूच येईना. मी रडत होते, आणि मध्येच मान वळवून सासूबाईंवर डाफरत होते.

डॉक्टरांनी तोंड, जीभ, छाती तपासली. श्वास मोकळा होता. औषध देऊन दोन तास समोर बसवून ठेवलं. मग म्हणाले, "पोटात काही गेलेलं दिसत नाही. फक्त गालावरच आहे. दुधाचं काही खाऊन कुणी पापी घेतली का?"

सासूबाई मांडीवरच्या नातीकडे बघत राहिल्या. त्यांनी मला पाहिलं होतं, खातानाही आणि पापी घेतानाही.

"मीच," मी म्हणाले. लेकीला घ्यायला हात पुढं केले, तशा सासूबाई तिला छातीशी धरून मागं सरकल्या.

"आदी तोंड धून ये," त्या म्हणाल्या. "मंग घे."