उजवी बाजू कोरी

आमच्या खालच्या मजल्यावरचे फरशीवाले तीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत गुडघे टेकून बसले. आता गुडघे गेले, काम सुटलं. उरली एक लेक, तीही दूरदेशी नोकरीला. तिला ते ठिपकी म्हणतात.

बापलेकीचा एक खेळ होता. कॉम्प्युटरवर चौकोन रंगवून चित्र काढायचा विंडोजचा एक जुना प्रोग्राम ठिपकीने शिकवला, आणि हा माणूस त्यात रमला. चौकोन म्हणजे फरशीच की! डावी बाजू एकाने रंगवायची, उजवी दुसऱ्याने. जाताना तिने आपला लॅपटॉप यांना दिला. त्यावर विंडोज रांगत होतं, म्हणून ते काढून त्याजागी लिनक्स ही हलकी प्रणाली घातली आणि हा प्रोग्राम चालावा म्हणून वाइन नावाची सोय करून ठेवली. दारूला कधी न शिवलेले फरशीवाले ते नाव घेताना अजून इकडेतिकडे बघतात.

तिने तीन अर्धी चित्रं पाठवली. यांच्याकडून एकही परत गेलं नाही. फोनवर म्हणायचे, "काढलंय गं, पण सापडत नाही."

शेवटी ती म्हणाली, "बाबा, मी गेले त्याचा राग आहे ना? मग तसं सांगा. बहाणे नकोत."

चित्रं थांबली. फोन दर रविवारी येई; जेवलात का, थंडी आहे का, संपला.

हे मला आठ महिन्यांनी कळलं, तेही ते माझ्या ओट्यावरची निखळलेली फरशी बसवून देत असताना. मी भडकलेच. "तोंड शिवलं होतं का तुमचं? आणा तो लॅपटॉप."

"बाई, तुम्ही कॉलेजात गणित शिकवायच्या. यातलं तुम्हाला…"

"आणा म्हटलं ना!"

प्रोग्राममध्ये चित्रं दिसत. बाहेर शोधावं तर गायब. तासभर डोकं खाजवल्यावर मी विचारलं, "ठेवता कुठे?"

"सी ड्राइव्हमध्ये. आणखी कुठे ठेवणार?"

तिथेच घोळ होता. लिनक्समध्ये सी ड्राइव्ह नसतो. प्रोग्रामची समजूत घालायला वाइन एक खोटा सी ड्राइव्ह उभा करतं आणि तो लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं. लपवलेलं दाखव म्हटल्यावर सगळं समोर आलं. चौदा चित्रं! तिची तीन पुरी केलेली. बाकी अकरांची डावी बाजू भरलेली, उजवी कोरी.

"ही कधीची?"

"तिने पाठवणं थांबवलं, त्यानंतरची." त्यांनी पडद्यावरची नसलेली धूळ अंगठ्याने पुसली. "तिची बाजू तिला ठेवलीय."

  मी लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि म्हटलं, "चला, सगळी एकदम पाठवू."

"तिची तीन पाठवा. माझ्यातलं एकच. एकाने पाठवायचं, मग दुसऱ्याने. तसं ठरलंय आमचं."

ते एक निवडायला त्यांनी अर्धा तास घेतला. मजकूर लिहिला दोन शब्दांचा: तुझी पाळी.

चित्रं गेली. हे हलेनात.

"अहो, तिकडे आत्ता मध्यरात्र असेल. झोपली असेल ती."

"असू दे," फरशीवाले म्हणाले, "उठेल ना." आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली.